जुन्या ट्रकचे इंजिन करावे की गाडी विकावी?

नमस्कार.

उत्तर देण्यापूर्वी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब कशावरून केला ते स्पष्ट राहील. तुमची सहा चाकी, ११ टन एकूण वजनाची गाडी २०१३ची आहे. वडिलांनी ती २०१८ मध्ये जुनी घेतली, कर्ज फिटले आहे, आणि चाकणहून कोल्हापूर व नाशिकला पॅकिंगचे साहित्य नेत ती महिन्याला साधारण ३,५०० किलोमीटर चालते. गेल्या सहा महिन्यांपासून इंजिन ऑइल खाते, निळा धूर मारते, आणि लिटरला साडेसहा किलोमीटरचे ॲव्हरेज ५.२ वर आले आहे. मिस्त्रींनी इंजिनच्या पूर्ण कामाचे १,६०,००० रुपये सांगितले आहेत. दलाल गाडी आहे तशी ४,६०,००० रुपयांना मागतो आणि इंजिन करून दिल्यास ५,५०,००० देतो म्हणतो. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) पाच महिन्यांवर आले आहे. काम करून घ्यावे असे वडिलांचे मत आहे, तर ही विकून नवी घ्यावी असे धाकट्या भावाचे.

मी गेली २७ वर्षे निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतून गाड्या चालवतो, दुरुस्त करून घेतो आणि वेळ आली की विकतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट ठामपणे सांगतो: इंजिन करून मग गाडी विकण्याचा विचार आजच सोडून द्या. दलालाच्याच आकड्यांप्रमाणे १,६०,००० खर्चून तुम्हाला ९०,००० जास्त मिळणार आहेत, म्हणजे ७०,००० रुपयांचा तोटा आणि वर पंधरा-वीस दिवस गाडी उभी. घेणाऱ्याला तुमच्या मिस्त्रींच्या हातचे काम दिसत नाही, त्याला फक्त धूर थांबलेला दिसतो, आणि धूर तात्पुरता थांबवण्याचे उपाय बाजारात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो त्याचे पूर्ण मोल कधीच देत नाही. दुरुस्ती करायची ती पुढची दोन वर्षे स्वतः चालवण्यासाठी. विकायची असेल तर आहे तशी, दोष सांगून विकावी.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. तुम्ही इंजिनबद्दल बरेच लिहिले आहे, पण ओघात एक वाक्य असे आहे की आधीच्या मालकाने मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ चेसिसला वेल्डिंग करून घेतले होते. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते आहे. इंजिन, गिअरबॉक्स, हाउसिंग (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा भाग), क्लच हे सगळे उघडून पुन्हा नवे करता येते. गाडीचा कणा मात्र तसा नवा होत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचे पोलाद कमजोर होते आणि पुढची चीर बहुधा त्या जोडाच्या शेजारूनच सुरू होते. म्हणूनच चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग करू नये किंवा भोक पाडू नये असे गाड्या बनवणाऱ्या कंपन्या सांगतात.

म्हणून मिस्त्रींना हो म्हणण्याआधी एक सकाळ चेसिससाठी काढा. गाडी रिकामी करून धुऊन घ्या, सपाट जागेवर लावा, चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळा) लावा आणि टॉर्च, तारेचा ब्रश व लहान हातोडा घेऊन खाली जा. मागच्या हँगरपासून सुरुवात करून दर वीतभर अंतरावर हातोडीने हलके ठोका. निरोगी पोलाद खणखणीत वाजते. आतून गंजून पापुद्रे धरलेली पट्टी बद्द आवाज देते आणि कधी कधी ठोक्यासरशी तांबडा भुगा हातावर सांडतो. जुन्या जोडावरचा रंग ब्रशने पूर्ण काढा. जोडाच्या टोकाशी केसासारखी बारीक रेघ दिसली आणि तिच्यातून गंजाचा ओघळ उतरला असेल, तर ती चीर चालू आहे असे समजावे. खत किंवा मीठ वाहिलेल्या गाडीत क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीच्या) आतल्या कोपऱ्यात बोट घालून पाहावे, कारण गंज तिथे लपलेला असतो. चेसिस नंबर ठोकलेली जागाही पाहून घ्या. पासिंगच्या वेळी तो नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे आणि नाव बदलताना त्याची पेन्सिल प्रिंट घ्यावी लागते, त्यामुळे गंजाने तो खाल्ला असेल तर दोन्ही कामे अडतात.

चीर चालू असेल किंवा पट्टी दोन-तीन ठिकाणी बद्द वाजत असेल, तर पुढचे काहीही मोजण्याची गरज नाही. इंजिनला हात न लावता गाडी विकावी. अशा गाडीत घातलेले दीड लाख रुपये खंबाटकीच्या चढावर भरलेल्या मालासह एका दिवसात बुडू शकतात, आणि तिथे प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

चेसिस निरोगी निघाली, तर मग इंजिन. काम सुचवण्याआधी मिस्त्रींनी नेमके काय मोजले, हे त्यांना विचारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे एवढे नक्की, पण ते रिंग-लायनरमधून येते, व्हॉल्व्हच्या गाइडमधून येते की टर्बोच्या सीलमधून, यावर खर्च पंधरा हजार की दीड लाख हे ठरते. गरम इंजिन सावकाश चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढा आणि त्याच तोंडावर उलटे, सैल ठेवून पाहा. झाकण नुसते थरथरत राहिले तर रिंगा अजून बऱ्या आहेत. ते उडून बाजूला पडू लागले आणि ब्रीदरमधून (इंजिनची आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफेच्या इंजिनासारखा धूर येत असेल तर कंप्रेशन खाली उतरते आहे. टर्बोचा पाइप सैल करून आत बोट फिरवा. तो ऑइलने ओला असेल तर आधी टर्बो तपासावा. हवेच्या टाकीचा कॉक सोडल्यावर पाण्याबरोबर काळे ऑइल येत असेल तर ब्रेकची हवा भरणाऱ्या कंप्रेसरच्या रिंगाही गेल्या आहेत, आणि तो खर्च बहुतेक अंदाजपत्रकात धरलेला नसतो. ॲव्हरेजचा सगळा दोषही इंजिनच्या माथी मारू नये. एखाद्या चाकाचे ब्रेक चिकटत असतील किंवा टायरांत हवा कमी असेल तरी ॲव्हरेज पडते. वीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही बाजूंच्या ड्रमजवळ हात नेला की जास्त तापलेले चाक लगेच कळते.

तुमची गाडी जुनी घेतलेली असल्यामुळे इंजिन आधी उघडले गेले होते का, हेही कळायला हवे. क्रँक शाफ्ट दर खेपेला ०.२५ मिलिमीटरने घासून पुढच्या मापाचे बेअरिंग बसवतात, आणि हे ठरावीक वेळाच करता येते. बेअरिंग काढल्यावर त्याच्या पाठीवर छापलेले माप स्वतः पाहा. ते शेवटच्या मापाचे असेल तर यावेळी क्रँक नवी घ्यावी लागेल आणि १,६०,००० चा आकडा तिथेच मोडेल. त्यामुळे अंदाज कागदावर घ्या, सुट्या भागांची यादी वेगळी आणि लेथचे काम व मजुरी वेगळी लिहून घ्या, डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन, नोझल, टर्बो, रेडिएटर आणि क्लच प्लेट त्यात आहेत की नाहीत ते स्पष्ट करा. भाग नाना पेठेतून तुम्ही स्वतः बिलासह आणलेत तर उत्तम. नुसत्या रिंगा बदलून पन्नास-साठ हजारांत भागवू, असे कोणी सुचवले तर ते मान्य करू नका. झिजलेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा बसत नाहीत आणि चार महिन्यांत धूर परत येतो. इंजिन उघडल्यावर काही ना काही वाढतेच, म्हणून मी तुमच्या हिशेबात २,००,००० धरतो.

आता दोन वर्षांचा हिशेब मांडू. दोनच वर्षे का, तर २०२८ मध्ये गाडीला १५ वर्षे पूर्ण होतील आणि त्यानंतर फिटनेसचे शुल्क एकदम उडी घेते. व्यावसायिक गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही लागू होतो, हे तुम्ही भोगतच आहात. इंजिनचे २,००,०००, पासिंगसाठी ब्रेक लायनर, किंगपिन, रंग, रिफ्लेक्टर वगैरेंचे ६०,०००, चार टायर ६०,०००, क्लच २०,०००, गिअरबॉक्स किंवा हाउसिंगने डोके काढले तर राखीव ४०,०००. हे झाले ३,८०,०००. आज ४,६०,००० ला जाणारी गाडी दोन वर्षांनी ३,००,००० ला जाईल असे धरले तर किमतीतली घट १,६०,०००. जुनी गाडी महिन्याला सरासरी दोन दिवस उभी राहते. दिवसाला अडीच हजारांचे उत्पन्न बुडते असे धरल्यास २४ महिन्यांचे १,२०,००० होतात. एकूण ६,६०,०००, म्हणजे महिन्याला २७,५०० आणि ८४,००० किलोमीटरवर किलोमीटरला सुमारे ८ रुपये. डिझेल, टोल, ड्रायव्हर, विमा हे यात नाही, कारण ते कोणत्याही गाडीला लागणारच. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या वहीतले घालून पाहा.

उभ्या दिवसांचा रकाना बहुतेक लोक लिहीतच नाहीत, आणि मीही एके काळी लिहीत नव्हतो. २०१६ मध्ये माझ्याकडे अशीच एक गाडी होती. आधी हेड केले, दोन महिन्यांनी पंप, मग क्लच, मग क्राऊन-पिनियन. प्रत्येक वेळी ‘आता एवढे घातलेच आहेत, आणखी तीस हजारांसाठी कशाला सोडायची’ असे म्हणत चौदा महिने काढले. शेवटी वही घेऊन बसलो तेव्हा दिसले की त्या चौदा महिन्यांत गाडी एकूण ७१ दिवस उभी होती, आणि त्याच काळात माझे एक कायमचे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गाडीकडे गेले होते. ते परत आले नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडीच्या वहीत उभ्या दिवसांचा वेगळा रकाना ठेवतो. मागे घातलेले पैसे या हिशेबात मी मुद्दाम धरलेले नाहीत. ते गेलेले आहेत, गाडी ठेवली तरी आणि विकली तरी.

नव्या गाडीचा हिशेबही त्याच मापाने करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या आहेत आणि त्याचा दाब जुन्या गाड्यांच्या भावावरही पडला आहे. तरीही या वजनाची गाडी बॉडीसह २२ लाखांच्या आसपास जाते असे धरू. जुनीचे ४,६०,००० भरून उरलेल्या १७,४०,००० वर साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज घेतले तर हप्ता ३७,४०० च्या जवळ येतो. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ३,१०,००० व्याज आणि किमतीतली घट ६,००,००० धरली तर महिन्याला ३८,००० रुपये पडतात. ३,५०० किलोमीटरवर ते किलोमीटरला ११ रुपये होतात. हीच गाडी महिन्याला ६,५०० किलोमीटर चालली तर तोच आकडा ६ रुपयांच्या आसपास येतो. तुमच्या भावाचे म्हणणे खरे ठरते ते इथे: काम जवळजवळ दुप्पट होणार असेल तर नवी गाडी स्वस्त, आहे तेवढेच काम राहणार असेल तर ती महाग. नवी गाडी आली की काम आपोआप वाढेल या भरवशावर हप्ता डोक्यावर घेऊ नये. आधी काम देणाऱ्याकडून महिन्याला किती खेपा मिळतील हे लेखी घ्यावे.

मात्र भावाचा एक मुद्दा मी वडिलांसमोर आदराने ठेवेन. चाकण-तळेगाव पट्ट्यातले काही कारखाने ठरावीक वयापलीकडची गाडी गेटमधून आत घेत नाहीत. तुम्ही ज्यांचा माल नेता त्यांच्याकडे अशी अट येऊ घातली आहे का, हे या आठवड्यातच विचारा. गेट बंद झाले तर ही गाडी बाजारात मिळेल त्या भाड्यावर जाईल आणि वरचा सगळा हिशेब बदलेल. तसे असेल तर चेसिस कितीही खणखणीत असली तरी मी विकण्याचा सल्ला देईन.

मधला मार्ग म्हणून २०१८-१९ची जुनी गाडी घेण्याचा विचार तुमच्या मनात येईल. तो वाईट नाही, पण तुमच्या सध्याच्या गाडीचा पंप यांत्रिक आहे, तो कोणताही जाणता पंपवाला उघडून देतो. तिच्यानंतरच्या गाड्यांत कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची डिझेल यंत्रणा), सेन्सर, आणि बऱ्याच गाड्यांत युरियाची टाकी आली. तिथे स्कॅनर लावल्याशिवाय दोष सापडत नाही आणि इंजेक्टर महाग पडतात. ओळखीचा आजार सोडून अनोळखी आजार विकत घेण्याआधी त्या गाडीचा सर्व्हिसचा इतिहास पाहिलाच पाहिजे.

तेव्हा माझे मत असे: चेसिस निरोगी असेल, कारखान्याची वयाची अट नसेल आणि काम ३,५०० किलोमीटरच्या आसपासच राहणार असेल, तर वडिलांचे ऐका, इंजिनचे पूर्ण काम करून घ्या आणि २०२८ आधीचे शेवटचे पासिंग हातात असतानाच गाडी विका. या तीनपैकी एक जरी गोष्ट जुळत नसेल तर आत्ताच विका. दोन्हींपैकी काहीही ठरवा, पण महिनाभरात ठरवा. सध्याच्या ॲव्हरेजने तुम्ही महिन्याला सुमारे १३५ लिटर डिझेल जास्त जाळत आहात, ९० रुपये लिटरने ते १२,००० रुपये होतात. पासिंगपर्यंत वाट पाहिलीत तर ६०,००० धुरात जातील आणि पासिंग संपत आलेली गाडी पाहून दलालही भाव पाडेल. फिटनेस संपलेली गाडी तर रस्त्यावर काढूच नका, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे तिची नोंदणीच वैध मानली जात नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा लढवते.

निर्णय होईपर्यंत गाडी चालणारच आहे, म्हणून ब्रेकचे काम मात्र या आठवड्यात उरका. कोल्हापूरहून परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती घरे उद्ध्वस्त केली आहेत, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. लायनर तपासा, हवेच्या टाक्यांतले पाणी रोज सोडा, आणि त्या उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही हे ड्रायव्हरला स्वतः शेजारी बसून दाखवा.

विकायचे ठरले तर कागदांबाबत जरा कठोर राहा. घेणारे दलाल बहुधा टीटी फॉर्मवर (नाव बदलण्याच्या अर्जावर) सह्या घेऊन ठेवतात, नाव नंतर बदलू म्हणतात आणि गाडी तशीच पुढच्याला विकतात. माझ्या एका गाडीचे असेच झाले; विकल्यानंतर अकरा महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या दारात आली, कारण अपघाताच्या दिवशी दप्तरी मालक मीच होतो. त्यातून सुटायला मला तीन वर्षे लागली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईसाठी मालक धरला जाईल, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणून नमुना २९ आणि ३० रीतसर आरटीओत दाखल झाल्याची पावती मिळेपर्यंत गाडी ताब्यात देऊ नका; पन्नास हजार रुपये भाव कमी आला तरी चालेल, पण नाव बदलून घेणाऱ्यालाच गाडी द्या. कर्ज फिटले आहे म्हणता, तर आरसी बुकावरचा बोजा नमुना ३५ देऊन उतरवला आहे का ते पाहा. बँकेचे पत्र घरात असते आणि बोजा दप्तरी तसाच राहतो, असे फार वेळा होते. ई-चलने भरून टाका, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट अजून बसवली नसेल तर ती आधी बसवा. जीएसटी नोंदणी असेल तर विक्रीची रक्कम आणि पुस्तकी किंमत यांतील फरकावर कर लागतो का, हे सीएंना सौद्याआधी विचारा.

हातोडीने चेसिस वाजवून झाली की जुन्या जोडाचे दोन-तीन जवळून काढलेले फोटो मला पाठवा, आणि पुढे इंजिन उघडले तर बेअरिंगचे मापही कळवा. फोटो काढताना जोडाशेजारी एक नाणे धरा, म्हणजे चिरेची लांबी मला अंदाजाने मोजता येईल.